बंद खिडक्या आणि पीएच: रीफ टाकीच्या हिवाळी नोंदी, जानेवारी ते एप्रिल २०२५

११ जानेवारी, शनिवार

मिसिसागा, ऑन्टारियो, कॅनडा. घरातली रीफ टाकी, म्हणजे जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी. चार फुटी, सम्पसकट (खालच्या कपाटातली यंत्रांची जोडटाकी) प्रत्यक्ष पाणी साधारण २८० लिटर. वरच्या खडकांवर एक्रोपोरा आणि मॉन्टिपोरा ही कठीण प्रवाळं, मधल्या कट्ट्यावर टॉर्च जातीची दोन आणि हॅमर जातीचं एक प्रवाळ, खाली वाळूलगत प्रवाळांचे नातलग झोअँथिड. मासे मोजकेच: क्लाउनफिशची जोडी, एक रॉयल ग्रामा, एक पिवळा टँग.

आजची मोजमापं: सॅलिनिटी ३५, तापमान २५.६, अल्कलिनिटी (आम्ल पचवायची पाण्याची ताकद, डीकेएच या एककात) ८.२ डीकेएच, कॅल्शियम ४३०, मॅग्नेशियम १३४०. सगळं जिथल्या तिथे आहे, फक्त पीएच नाही. सकाळी दिवे लागायच्या आधी ७.७२, रात्री दिवे मालवताना ७.९४. सप्टेंबरात हीच टाकी ८.०५ ते ८.२५ मध्ये खेळत होती. खुल्या समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच साधारण ८.१ असतो.

७.७ ला काही मरत नाही, हे आधी लिहून ठेवते. मासे खातायत, टॉर्च फुलून आहे. पण एक्रोपोराच्या शेंड्यांवर वाढीचा जो पांढरा ठिपका असतो तो नोव्हेंबरपासून बारीक होत गेलाय आणि मागच्या काचेवर गुलाबी कोरलाइन शेवाळ (चुनखडी बांधणारं) पुढे सरकेनासं झालंय. प्रवाळ सांगाडा बांधतं तेव्हा दर कणामागे एक हायड्रोजन आयन मोकळा होतो आणि तो प्रवाळाला स्वतःच्या अंगाबाहेर ढकलावा लागतो. बाहेरच्या पाण्यात आधीच त्यांची गर्दी असेल, म्हणजे पीएच कमी असेल, तर ढकलायला जास्त ताकद लागते. पीएचची मोजपट्टी लॉगरिदमची आहे, त्यामुळे ८.१ वरून ७.८ हा फरक दिसायला किरकोळ वाटला तरी हायड्रोजन आयन त्यात दुप्पट होतात.

ठरवलं: रोजचं डोसिंग (प्रवाळ खर्चतात ते क्षार मापून घालणं) चालू राहील, पण कारण हाती लागेपर्यंत टाकीत नवीन काहीही पडणार नाही.

१२ जानेवारी, रविवार

आधी मीटरचा खरेपणा. प्रोब कोमट आरओ पाण्यात धुऊन ७ आणि १० च्या नव्या, सीलबंद बफरमध्ये (पीएच ठरलेला असतो अशी द्रावणं) कॅलिब्रेट केला. १० चा बफर उघडा राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू उतरतो, म्हणून जुनी बाटली वापरली नाही.

मग उलटतपासणी म्हणून टाकणखार. शुद्ध टाकणखार ३.८१ ग्रॅम, एक लिटर डीआय (क्षारमुक्त) पाण्यात. २५ अंशांना या द्रावणाचा पीएच ९.१८ यायला हवा. स्वयंपाकघरातला काटा यासाठी चालत नाही, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा लागतो. मीटरने ९.१६ दाखवलं. म्हणजे मीटर ठीक आहे आणि ७.७२ हा आकडा खरा आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र आलं. एनडीआयआर (अवरक्त किरणांनी तो वायू थेट मोजणाऱ्या) सेन्सरचं घेतलंय. स्वस्तातली काही यंत्रं दुसरेच वायू मोजून कार्बन डायऑक्साइडचा अंदाज बांधतात, त्यांच्या आकड्याला अर्थ नाही. मागच्या अंगणात धरलं: ४३२ पीपीएम. दिवाणखान्यात टाकीशेजारी रात्री दहाला: १३५०. पहाटे सहाला: १४८०.

घरात आम्ही चौघं, आणि आई नाशिकहून आलेली, म्हणजे पाच माणसं. खिडक्या ऑक्टोबरअखेर बंद झाल्या त्या एप्रिलपर्यंत उघडणार नाहीत. घर नवीन आहे, फटी नाहीत, स्वयंपाक गॅसवर. विश्रांत बसलेला मोठा माणूस तासाला पंधरा-वीस लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि तो जायला इथे वाटच नाही.

टाकीचं पाणी या हवेशी सतत देवाणघेवाण करत असतं. स्किमर, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, मिनिटाला आठ-दहा लिटर हवा आत ओढतो आणि बारीक बुडबुडे करून पाण्यात घुसळतो. खोलीतली हवा जशी तसं पाणी: हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून आम्ल होतो आणि पीएच उतरतो. अल्कलिनिटी आणि कार्बन डायऑक्साइड हे दोन आकडे ठरले की पीएच आपोआप ठरतो, त्याला वेगळं मत नसतं. ८ डीकेएचच्या पाण्याला ४२० पीपीएमची हवा मिळाली तर ते ८.१-८.२ च्या आसपास स्थिरावतं, १४०० ची मिळाली तर ७.७ च्या आसपास. आपला पहाटेचा आकडा नेमका तिथेच आहे.

आईने तिळगूळ हातावर ठेवत विचारलं, "अगं, सणाचं तरी ते यंत्र खाली ठेवशील का?" ठेवलं.

१८ जानेवारी, शनिवार

आज पेल्यांची परीक्षा. पीएच कमी असलेल्या प्रत्येकाने एक पैसा खर्च करायच्या आधी ही करावी असं मला मनापासून वाटतं.

टाकीतलं पाणी तीन काचेच्या पेल्यांत घेतलं, प्रत्येकी अर्धा लिटर. तिन्हींचा पीएच ७.७५. पहिला तसाच ठेवला. दुसऱ्यात छोट्या एअरपंपाने खोलीतलीच हवा सोडली. तिसऱ्यातही तसाच पंप, पण त्याची हवा बाहेरची. एरवी हा पेला अंगणात नेऊन ठेवतात, पण इथे पाणी गारठलं असतं आणि थंड पाण्याची तुलना कोमट पाण्याशी करता आली नसती. म्हणून पेला आतच ठेवला, पंप झिपच्या पिशवीत बंद केला आणि पिशवीत फक्त बाहेरून आलेली नळी खोचली. खिडकी बोटभर उघडून फट टॉवेलने बुजवली.

दीड तासानंतर: पहिला ७.७५, दुसरा ७.७७, तिसरा ८.१३.

पाणी एकाच टाकीचं, अल्कलिनिटी एकच, तापमान एकच. बदलली फक्त हवा. अल्कलिनिटी कमी असती तर बाहेरच्या हवेनेही पीएच एवढा चढला नसता. टाकीतच कुजण्याने किंवा माशांच्या गर्दीने कार्बन डायऑक्साइड साठत असता तर खोलीच्या हवेनेही दुसरा पेला वर गेला असता. दोन्ही शक्यता एका दुपारीत निकालात निघाल्या.

२५ जानेवारी, शनिवार

घरी हळदीकुंकू. बायका-मुलं मिळून पंचविसाच्या आसपास माणसं, ओव्हन चालू, गॅसवर मसालेदूध. खोलीची हवा पाच वाजता ९८० पीपीएम, सहाला १७००, साडेसातला २६४०. रात्री दहाला टाकी ७.६१, या हिवाळ्यातला नीचांक. एरवी या वेळेला दिवसभराच्या प्रकाशाने पीएच सर्वांत वर असतो.

पाहुण्या गेल्यावर पुढचं-मागचं दार सताड उघडून पंधरा मिनिटं ठेवलं. हवेचा आकडा लगेच ८०० च्या खाली आला. टाकीला मात्र वेळ लागला: मध्यरात्री ७.६८, पहाटे ७.७६. खोली मिनिटांत बदलते, पाण्याला काही तास लागतात.

आलेल्यांपैकी एकीच्या घरी रीफ आहे. ती पीएच वाढवायचं बफर आठवड्यातून दोनदा घालते आणि तिचा पीएच दुसऱ्या दिवशी परत खाली येतो. हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की इथे सविस्तर लिहिते. दुकानातली बहुतेक बफर म्हणजे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट, थोडा बोरेट. ती घातली की पीएच काही तास चढतो, मग पाणी खोलीतून आणखी कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि पीएच जवळजवळ मूळपदावर येतो. अल्कलिनिटी मात्र वरच राहते. पुन्हा घातलं की आणखी वर. १४०० पीपीएमच्या खोलीत केवळ अल्कलिनिटीच्या जोरावर ८.१५ गाठायचं तर ती तिपटीहून वर, म्हणजे पंचवीस डीकेएचच्या पुढे न्यावी लागेल. त्याच्या कितीतरी आधी हीटरवर आणि पंपांच्या चक्रांवर चुनखडीचा थर बसतो आणि एक्रोपोराचे शेंडे जळतात. तिची अल्कलिनिटी १२.८ निघाली. तिला म्हटलं, बाटली बाजूला ठेव, आधी हवा मोजायचं यंत्र घे.

२ फेब्रुवारी, रविवार

घरात एचआरव्ही आहे. आतली शिळी हवा बाहेर टाकणारं आणि बाहेरची ताजी हवा आत घेणारं यंत्र. दोन्ही प्रवाह एकमेकांजवळून जातात आणि जाता जाता आतल्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला मिळते. इथल्या नव्या घरांत ते सहसा असतं आणि तळघरात विसरलेलं असतं. आमचं तासाला वीस मिनिटं चालण्यावर लावलेलं होतं. दोन्ही फिल्टर धुतले, बाहेरच्या जाळीवरचा धुळीचा गोळा काढला आणि मंद गतीवर अखंड चालू केलं.

आठवड्याचा परिणाम: पहाटे १४८० ऐवजी ९४०. टाकी ७.८४ ते ८.०४.

एक पैसाही न खर्चता एवढं मिळालं, आणि हे माणसांसाठीही हवंच होतं. मुलांच्या खोलीत दार बंद असताना पहाटे २१०० दिसत होते. घरातली हवा कोरडी झालीय, आर्द्रता २७ टक्क्यांवर आलीय. टाकीचं बाष्पीभवन दिवसाला तीन लिटरांवरून चारवर गेलं, एटीओचा (उडालेल्या पाण्याची आपोआप भरपाई करणाऱ्या यंत्राचा) डबा आता लवकर भरावा लागतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

स्किमरला थेट बाहेरची हवा. मागच्या खिडकीच्या रुळात बसेल अशी लाकडी पट्टी कापली, तिला भोक पाडून नळी बाहेर काढली, तोंडाला जाळी लावून ते खाली वळवलं. नळी १२ मिमीची घेतली, स्किमरजवळ आल्यावरच बारीक केली. सहा मीटर लांबीची बारीक नळी लावली असती तर हवेला अडथळा होऊन फेस पडला असता.

जागा निवडताना घराला बाहेरून पूर्ण चक्कर मारली. फर्नेसचा धूर आमच्याकडे डावीकडच्या भिंतीतून पांढऱ्या पाइपने बाहेर येतो, ड्रायरचं तोंडही त्याच बाजूला. तिथे नळी ठेवली तर स्किमर जळलेल्या गॅसचा कार्बन डायऑक्साइडच ओढणार. म्हणून मागची बाजू. भारतात हे करणाऱ्यांनी डासांच्या धूरफवारणीचा विचार आधी करावा. फवारणी चालू असताना नळी बाहेर असली तर कोळंबी आणि खेकडे काही मिनिटांत जाऊ शकतात.

उणे पंधराची हवा टाकी गार करेल का, असं नवऱ्याने विचारलं. हिशेब केला: मिनिटाला दहा लिटर हवा, चाळीस अंशांचा फरक, म्हणजे दहाएक वॅटचं काम. हीटर ३०० वॅटचा आहे, त्याला याची दखलही नाही. उलट खिडकीजवळच्या नळीला बाहेरून घाम फुटतोय, तिच्याखाली फडकं ठेवलं.

रात्रीचा किमान ७.९५. छान.

१६ फेब्रुवारी, रविवार

या आठवड्यात दोनदा जोराचा बर्फ. आज सकाळी सम्पच्या कपाटातून नेहमीची सळसळ येईना. स्किमरचा फेस बसलेला, पाण्याची पातळी चढलेली, नळी आतल्या ओढीने चपटी झालेली. बाहेर जाऊन पाहिलं तर जाळीवर बर्फाचं टोपण बसलेलं. मोडलं की ते पुन्हा बसतं, आणि अंधारात गुडघाभर बर्फात उतरून रोज कोण मोडणार. नळीचा मार्ग उन्हाळ्यात आणि गरम प्रदेशात उत्तम आहे. इथल्या फेब्रुवारीत त्यावर विसंबता येत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

स्क्रबर लावला, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारी जोडणी. पारदर्शक भांडं, त्यात सोडा लाइमचे दाणे, स्किमरची हवा त्यातूनच जाते. हे दाणे म्हणजे मुख्यतः कॅल्शियम हायड्रॉक्साइड, थोडा सोडियम हायड्रॉक्साइड आणि ओलावा. भूल देण्याच्या यंत्रात रुग्णाच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड काढायला हेच दाणे असतात, त्यामुळे भारतात ते सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळतात.

जोडणी उलट्या वाटेने केलीय. स्किमर खोलीतून हवा घेत नाही. त्याच्या फेसाच्या कपातून बाहेर पडणारी हवाच नळीने स्क्रबरमध्ये जाते आणि तिथून परत स्किमरमध्ये. एकदा साफ झालेली हवा पुन्हा पुन्हा फिरते, दाण्यांवरचं काम कमी होतं. ती हवा दमट असते हाही फायदा आहे, कारण दाणे कोरडे पडले की शोषणं थांबवतात, आणि या घरातली २७ टक्क्यांची हवा त्यांना लवकर सुकवून टाकेल. कप कधी भरून वाहिला तर खारं पाणी दाण्यांत जाऊ नये म्हणून वाटेत एक रिकामी बाटली बसवली. दाण्यांची भुकटी टाकीत जाऊ नये म्हणून बाहेर पडायच्या तोंडाला स्पंज.

रंगाबद्दल: दाणे पांढरे असतात, संपत आले की जांभळे होतात. आज संध्याकाळपर्यंत तळाशी दोन बोटं जांभळी झाली आहेत. पण यंत्र बंद ठेवलं की जांभळा रंग काही वेळाने फिका पडतो आणि संपलेले दाणे नव्यासारखे दिसतात. रंग हवा चालू असतानाच बघायचा, आणि शेवटचा शब्द पीएच मीटरचा. दाणे दाहक आहेत. हातमोजे, चष्मा, आणि डबा मुलांच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर.

रात्री किमान ८.०३, दिवसा ८.२९.

१ मार्च, शनिवार

अल्कलिनिटी ८.२ वरून ७.३. मनात होतंच. पीएच वर गेल्यावर प्रवाळ आणि कोरलाइन शेवाळ दोघंही चुनखडी वेगाने बांधायला लागतात आणि जानेवारीत पुरणारं डोसिंग अपुरं पडतं. डोसिंग तसंच ठेवून आठवडाभर रोज एकाच वेळी मोजत आले. खप जानेवारीत दिवसाला ०.९ डीकेएच होता, आता १.३. हा आकडा मला पीएचच्या आकड्यापेक्षा जास्त आनंद देतोय, कारण तो प्रवाळांच्या वाढीचा आकडा आहे.

स्क्रबर लावणाऱ्या प्रत्येकाने पहिले तीन आठवडे अल्कलिनिटी रोज मोजावी. पीएच चढलेला बघून लोक खूश होतात आणि खाली अल्कलिनिटी सहावर घसरलेली असते.

डोसिंगचं द्रावणही बदललं. आजवर खाण्याचा सोडा वापरत होते. तो अल्कलिनिटी देतो पण घालतेवेळी पीएच किंचित खाली ओढतो. तोच सोडा ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर भाजला की त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्बोनेट उरतं, म्हणजे धुण्याचा सोडा, पण खाण्याच्या दर्जाचा. वजनावरून कळतं: १६८ ग्रॅमचे १०६ ग्रॅम उरले की भाजणं पूर्ण झालं. भाजताना एचआरव्ही जोरात ठेवला, नाहीतर सोड्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड टाकीच पिणार. कार्बोनेट पाण्यात पडताच पीएच चढवतं, म्हणून ते रात्रीच, थोडं थोडं, सम्पमध्ये जिथे पाणी वेगाने वाहतं तिथे.

८ मार्च, शनिवार

चुन्याची निवळी. बाष्पीभवनाची भरपाई करायच्या पाण्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड: एकाच वेळी कॅल्शियम मिळतं, अल्कलिनिटी मिळते आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइडही त्यात खपतो. लोणच्यासाठी खाण्याच्या दर्जाचा चुना इथे किराणा दुकानात मिळतो, तो घेतला. पानाचा चुना नको. त्यात काय काय मिसळलंय ते पुडीवर लिहिलेलं नसतं आणि प्रवाळांना तांब्याचा अंशही सोसत नाही.

हिशेब असा. भरपूर चुना घालून निवळलेलं, म्हणजे संपृक्त पाणी लिटरला सुमारे ४० मिलिइक्विव्हॅलंट (अल्कलिनिटीचं दुसरं एकक) अल्कलिनिटी देतं. बाष्पीभवन दिवसाला चार लिटर. पूर्ण ताकदीची निवळी दिली तर २८० लिटर पाण्यात दिवसाला १.६ डीकेएच पडेल. खप १.३ चा आहे, म्हणजे ते जास्त होतं. म्हणून लिटरला एकच ग्रॅम चुना घेतला: त्यातून दिवसाला सुमारे १.१ मिळतं. उरलेलं सोड्याने भागवायचं.

निवळीचा पीएच १२.४ च्या जवळ असतो. एटीओचा फ्लोट अडकून सगळा डबा एकदम रिकामा झाला तर टाकी हातची जाईल. त्यामुळे एटीओला निवळी जोडलीच नाही. डोसिंग पंप, रात्री दहा ते सकाळी आठ, मिनिटाला सात मिलिलिटरच्या आत, आणि डबा फक्त पाच लिटरचा. पीएच ८.४५ ला पोचला की कंट्रोलर पंप बंद करतो. डब्याला झाकण घट्ट, कारण उघडी निवळी हवेतला कार्बन डायऑक्साइड धरून वर साय धरते आणि ताकद गमावते.

दुपारी आईने ती निवळी बघितली आणि तिची शाळा जागी झाली. तीस वर्षं तिने सातवी-आठवीला विज्ञान शिकवलंय. काचेच्या पेल्यात चार बोटं निवळी घेतली, नातवाला चष्मा लावायला लावला, हातात स्ट्रॉ दिली. "हळू फुंकायचं, आणि काही झालं तरी ओढायचं नाही. समजलं?" तो फुंकत राहिला. आधी काहीच झालं नाही. मग स्ट्रॉच्या टोकाभोवती धुरकट धागे सुटले आणि बघता बघता पेला दुधी झाला. तो थांबणार, तर आजी म्हणाली, "अजून फुंक." तो फुंकत राहिला तसं दूध पातळ होत गेलं आणि पाणी परत नितळ झालं.

टाकीत रोज रात्री जे घडतं ते दोन मिनिटांत टेबलावर दिसलं. जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडने चुनखडी पुन्हा बायकार्बोनेट होऊन विरघळते. हिवाळ्यात आमच्या टाकीतलं पाणी त्या दुसऱ्या टप्प्याकडे झुकलेलं होतं, आणि आपलं सगळं काम त्याला पहिल्या टप्प्याकडे ढकलण्याचं आहे. मुलगा म्हणाला, "म्हणजे आपण पाच जण रोज रात्री टाकीत फुंकतोय?" हो, अगदी तसंच.

१५ मार्च, शनिवार

रिफ्युजियमचा (शेवाळ वाढवायच्या कप्प्याचा) दिवा रात्रपाळीवर: रात्री नऊ ते सकाळी नऊ. कीटोमॉर्फा शेवाळाचा गुंता मूठभरच आहे. मुख्य टाकी अंधारात श्वास सोडत असताना हे शेवाळ कार्बन डायऑक्साइड घेतं. फरक ०.०३ ते ०.०४. शेवाळ वाढेल तसा वाढेल. नायट्रेटसाठी ते तसंही हवंच आहे. फक्त पीएचसाठी कोणी रिफ्युजियम बांधत असेल तर ते पैसे मी आधी हवेवर खर्चायला सांगेन.

३० मार्च, रविवार

पाडव्याच्या फोनवर भाचा पुण्याहून विचारत होता. त्याच्या दोन फुटी टाकीत झोअँथिड आणि लेदर प्रवाळ आहेत, आणि पहाटे पीएच ७.६८. "मावशी, आमच्याकडे कुठला हिवाळा?" त्याला विचारलं, टाकी कुठे आहे? बेडरूममध्ये. रात्री एसी? हो. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो, बाहेरची हवा तो आत आणत नाही. दोन माणसं, बंद दार, आठ तास. कॅनडातला जानेवारी आणि पुण्यातला एप्रिल टाकीच्या दृष्टीने एकच. त्याला पेल्यांची परीक्षा करायला सांगितली. टाकी बाहेरच्या खोलीत हलवली, किंवा एअरपंप खिडकीबाहेरून हवा घेईल असा बसवला, तर त्याचं काम विनाखर्च होईल.

मालवणच्या मित्राकडून कठीण प्रवाळाचा तुकडा मिळतोय, आणू का, असंही त्याने विचारलं. साफ नाही म्हटलं. भारतात सांगाडा बांधणारी सगळी कठीण प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मृत तुकडासुद्धा उचलायचा नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जी काही प्रवाळं तगून आहेत ती तिथेच राहायला हवीत. माझ्या टाकीतला प्रत्येक तुकडा इथल्या कुणाच्या तरी टाकीत वाढलेल्या प्रवाळाची फांदी आहे, आणि यापुढेही तसाच राहील.

१९ एप्रिल, शनिवार

दुपारी खिडक्या उघडता येतील इतकी हवा. खोलीत ५१०. स्क्रबर काढून ठेवला आणि दोन रात्री नुसत्या हवेवर टाकी पाहिली: किमान ८.०९, कमाल ८.३१, निवळी चालू ठेवून. सोडा लाइमचं काम या मोसमापुरतं संपलं.

मागच्या काचेवर कोरलाइनचे नाण्याएवढे नवे गोल. निळ्या एक्रोपोराच्या फांद्यांना जानेवारीच्या फोटोशी ताडून पाहिलं: बुंध्याने खडकावर पसरायला सुरुवात केलीय, आणि दर शेंड्यावर पांढरा ठिपका आहे, भिंगाशिवाय दिसणारा. मॉन्टिपोराची कड फिकट जांभळी. अल्कलिनिटी ८.१, कॅल्शियम ४३५, मॅग्नेशियम १३३०. खप आता १.५ वर गेलाय.

पुढची कामं. निवळीचा पंप व्हिनेगरमध्ये बुडवून साफ करायचा, नळीच्या टोकाला चुनखडीची टोपी बसायला लागलीय. हीटर आणि रिटर्न पंपही त्याच बादलीत. प्रोब परत कॅलिब्रेट. खिडकीची पट्टी मे महिन्यात पुन्हा लावायची, उन्हाळ्यात एसी लागला की स्किमरला बाहेरचीच हवा. उरलेल्या सोडा लाइमच्या डब्याचं झाकण टेपने बंद करून त्यावर आजची तारीख घातली. हळदीकुंकवाला भेटलेल्या मैत्रिणीचं हवेचं यंत्र आलंय, तिच्या तळघरात १९०० निघाले. पुढच्या शनिवारी नळी आणि ड्रिल घेऊन तिच्याकडे जायचंय.